एव्हान्थियाबाईंसाठी पेटी

१२ जानेवारी

धुकं अजून उठलेलं नाही. आमच्या ध्वनियंत्रांच्या दुकानाच्या काचेतून समोरचा फुटपाथसुद्धा दिसत नव्हता. मालक म्हणाले, "असल्या हवेत कोण येतंय गाणं ऐकायला? चल मिना, केक कापून टाकू." नव्या वर्षाचा केक बाबांनीच भाजून दिला होता, आत नाणं घालून. मालकांनी सुरीने वर क्रॉस काढला. पहिला तुकडा देवाचा, दुसरा दुकानाचा, मग त्यांचा, मग माझा. आणखी एक कापत होते तेवढ्यात दार उघडलं आणि धुक्यातून एक उंच म्हातारा आत आला, जणू त्या तुकड्याचं आमंत्रण त्याला गेलंच होतं.

"वेळेवर आलात," मालक म्हणाले. "हा तुमचा. नाणं निघालं तर वर्ष तुमचं."

म्हाताऱ्याने तुकडा चाचपलासुद्धा नाही. कागदी रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला. "घरी बायको आहे," एवढंच म्हणाला.

आमच्या तुकड्यांत नाणं नव्हतं. मालकांनी नंतर दुकानाचा तुकडा चुरून पाहिला, इकडेतिकडे बघून देवाचाही पाहिला. "गेलं ते म्हाताऱ्याच्या खिशात!" म्हणाले.

म्हाताऱ्याचं नाव लेआंद्रोस. मालवाहू जहाजांवर कप्तान होते, आता निवृत्त. घरात बंदराबंदरांतून जमवलेल्या भिंतभर रेकॉर्ड, उत्तम अ‍ॅम्प्लिफायर, माझ्या कमरेइतके उंच स्पीकर. रेकॉर्ड लावायचं काम कायम बायकोचं. आता तिच्या हाताखाली सुई नीट बसत नाही, म्हणून स्ट्रीमर हवाय.

"आवाज चांगला असू द्या. पण एक अट आहे. तिला एकटीला लावता आलं पाहिजे. मी शेजारी नसताना."

ते गेल्यावर मालक हसले. "सगळे नवरे हेच म्हणतात. बायको आयुष्यात हात लावत नाही. हे गिऱ्हाईक तुझं, मिना. पहिलंवहिलं. नीट कर."

माझं पहिलं गिऱ्हाईक! घरी येताना बसमध्ये मी उगाच हसत होते. समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढून घेतली.

१५ जानेवारी

सकाळी बेकरीत बाबांना स्ट्रीमर समजावून सांगत होते. बाबा बुगात्सा या साय भरलेल्या पेस्ट्रीचा कागदासारखा पापुद्रा हवेत फिरवून ताणत होते आणि मी त्यांच्यामागे मागे.

"म्हणजे त्यात गाणी भरलेली असतात?"

"नाही बाबा. गाणी जगात कुठेतरी ठेवलेली असतात. ही पेटी ती इंटरनेटवरून ओढून आणते आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करते."

"म्हणजे हमाल."

"हमाल नाही! हमालाने पोतं आदळलं तरी पीठ तेच राहतं. इथे वाटेत जरा गडबड झाली की आवाज बदलतो."

"म्हणजे अंडी वाहणारा हमाल." बाबांनी पापुद्रा ओट्यावर पसरला आणि वर साय ओतली. "माझ्या रेडिओला बघ एकच बटण आहे. तेही तेलकट. इंजिनीअरीणबाई, तुमच्या पेटीला किती बटणं?"

"सगळ्यात चांगलीला एकही नाही," मी म्हणाले, आणि ते इतके हसले की साय सांडली.

आमच्या घरात कोणी शाळेपुढे गेलेलं नव्हतं. मी ध्वनिशास्त्र शिकले तेव्हा आई शेजारणींना 'आमची पोरगी कानाची डॉक्टर होणार' असं सांगायची. ती समजूत मी अजून पूर्णपणे काढलेली नाही. पण मला जे वाटतं ते इथे तरी स्पष्ट लिहिते. कुठल्यातरी खोलीत एक माणूस गायला. तो आवाज दुसऱ्या माणसापर्यंत जसाच्या तसा पोहोचावा, मधल्या कोणीही खोटं बोलू नये. इतकं साधं काम आहे हे. आणि मला ते पवित्र वाटतं. हे मोठ्याने म्हणायची सोय नाही.

कप्तानांसाठी दोन पेट्या निवडल्या. एक काळी. तिला बटण नाही, पडदा नाही, फक्त एक ठिपक्याएवढा दिवा. सगळं फोनवरून चालतं. दुसरी चंदेरी. पुढे मोठी गोल कळ आणि पुस्तकाएवढा रंगीत पडदा, ज्याच्यावर रेकॉर्डची मुखपृष्ठं दिसतात. ही मी केवळ तुलनेला घेतली आहे. काळीपुढे चंदेरी टिकणार नाही.

२१ जानेवारी

आज त्यांच्या घरी गेले. शहराच्या कडेला कालामारियात, अगदी पाण्यावर. कप्तान मला घ्यायला खाली आले होते. लिफ्ट आहे, पण ते जिन्याने चढतात आणि प्रत्येक वळणावर खिडकीशी थांबतात, कठड्याला धरून. "समुद्र बघतो," म्हणाले. खिडकीबाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काहीही नव्हतं. खलाशांना दिसत असेल.

असं घर मी पाहिलं नव्हतं. भिंतभर रेकॉर्ड, आणि त्या नावाने लावलेल्या नाहीत, काळानेही नाहीत. रंगाने लावल्या आहेत! निळ्यांच्या शेजारी हिरव्या, हिरव्यांच्या कडेला पिवळ्या, खिडकीपासून दारापर्यंत एखादा किनारा पसरत जावा तशा. एव्हान्थियाबाई नृत्यशाळेत पियानो वाजवायच्या. त्यांना गाण्यांची नावं कधीच लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी ही रीत काढली, असं कप्तान म्हणाले. स्वयंपाकघरातल्या कपाटांवरही चित्रं चिकटवलेली आहेत. एका दारावर कप, एकावर बशी, एकावर मीठदाणी. कलावंतांचं घर ते असं.

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "कोणाची गं तू, बाळा?"

"मी असिमिना. दुकानातून आले. मला मिना म्हणतात."

"बेकरीचा वास येतो तुला."

मी चाट पडले. बाबांची बेकरी आहे म्हटल्यावर त्या इतक्या आनंदल्या की मला सोडीनात. कॉफी घेऊन आल्या तेव्हा पुन्हा विचारलं, "कोणाची गं तू?" मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तितक्याच आनंदल्या. किती निर्मळ स्वभाव!

कॉफीत मीठ होतं. कप्तानांनी न बोलता पूर्ण कप संपवला, मग मीही संपवला.

काळी पेटी जोडून सुरू करून आले. आमच्या धंद्यात नवं यंत्र आल्या आल्या ऐकत नाहीत. ते लोणच्यासारखं मुरावं लागतं. दिवसरात्र हलक्या आवाजात वाजत ठेवायचं, मगच न्याय करायचा. "म्हणजे घरात सारखं गाणं?" कप्तानांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर ते बायकोकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? मी बाहेर असायचो तेव्हासारखं."

"तू कुठे होतास?" बाई म्हणाल्या.

"ब्राझीलला."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

हरले. आणि कळत नाहीये कशी.

पेटी छान मुरली होती. मी कप्तानांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि बायकांच्या एका गायनवृंदाची जुनी रेकॉर्ड लावली. बेटावरच्या एका देवळात रेकॉर्ड केलेली, मुखपृष्ठावर पिवळी होडी असलेली. त्या घरातली ती बाईंची लाडकी रेकॉर्ड आहे हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. बाहेर धुकं, आत ते आवाज. खोलीच्या भिंती विरघळून गेल्या. स्पीकर नव्हते, पेटी नव्हती, आम्हीही नव्हतो. थंड दगडाचा वास आला मला, खरंच आला. एकीने गाण्याआधी श्वास घेतला आणि तो श्वास माझ्या मानेवर लागला.

कप्तानांचे डोळे मिटलेले होते. गाणं संपल्यावर त्यांनी ते उघडले. मग म्हणाले, "इतकं मी कधीच ऐकलं नव्हतं. उत्तम आहे ही."

"मग नक्की करू?"

"नको."

"का?"

"तिला उघडत नाही."

बाईंना मी आठवडाभरापूर्वी फोनवरून लावायला शिकवलं होतं. चारदा शिकवलं होतं. आज कप्तानांनी फोन त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो कानाला लावला. "हॅलो," म्हणाल्या. "कोणी बोलत नाही रे."

"थोडी सवय होऊ दे ना, कप्तान," मी म्हटलं. "आणि तोपर्यंत तुम्ही आहातच की लावायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जहाजावर एखाद्या नव्या पोराने नकाशा उलटा धरावा आणि आपण त्याला सांगावं की नको सांगावं, तसं. "पोरी," म्हणाले, "मला माहीत आहे मी आहे. अट मी नसतानाची आहे. दुसरी आण."

९ फेब्रुवारी

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "गोल कळ बघून यंत्र घेणारी गिऱ्हाइकं असतात. वाईट वाटून घेऊ नकोस. काही लोक गाडी घेताना हॉर्न वाजवून बघतात."

मला वाईट वाटतंच आहे. ज्याला इतकं ऐकू आलं त्याने कमी निवडावं? मी इतकी वर्षं कशासाठी शिकले, लोकांना कळीचा आकार निवडून द्यायला?

दुपारी मापकावर दोन्ही पेट्या पुन्हा लावून पाहिल्या. चंदेरीच्या आवाजात एक अगदी बारीक भुणभुण आहे. पडदा चालवणाऱ्या विजेची. खरं सांगायचं तर कानाला मला ती कधी ऐकू आलेली नाही. पण मापकावर दिसते. आणि एकदा दिसली की मग मनातून जात नाही.

१९ फेब्रुवारी

चंदेरी घेऊन गेले. मी तोंड वाकडं करून गेले होते हे मान्य करते.

पेटी जोडली, त्यांच्या आवडीच्या रेकॉर्ड तिच्यात ओळीने मांडल्या आणि पडदा लागला. पिवळी होडी उजळली. बाई सोफ्यावर रुमालांच्या घड्या घालत बसल्या होत्या. उठल्या. घडी हातातच राहिली.

"अगं बाई," म्हणाल्या. "तू इथे आहेस होय!"

पडद्याजवळ आल्या. कळीला हात लावला, फिरली. होडी सरकली आणि निळी खिडकी आली. आणखी फिरवली, लाल डाळिंब. पुन्हा उलटी, खिडकी, होडी. कोणी काही सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडणार होते, तर कप्तानांनी हात वर केला. बाईंनी होडीवर येऊन कळ दाबली, जशी आपण दाराची बेल दाबतो, आणि गाणं सुरू झालं.

त्या वळल्या. त्यांचा चेहरा! "लेआंद्रो, ऊठ," म्हणाल्या. "बसलायस काय असा?" आणि कप्तान खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि ते दोघं नाचले. नाचले म्हणजे काय, एकमेकांना धरून जागच्या जागी डुलले. बाहेर धुकं इतकं दाट होतं की खिडकीत त्या दोघांचंच प्रतिबिंब होतं, आणि मागे पडद्याची ती पिवळी होडी, हवेत तरंगणारी. मी बसून राहिले. मला वाटतं माझ्या लक्षातच नव्हतं की मी कामाला आले आहे.

नंतर कप्तानांनी प्रश्नांची सरबत्ती केली. वीज गेली तर? आल्यावर तिथेच उघडेल. चुकून भलतंच दाबलं गेलं तर? थोड्या वेळाने आपोआप मूळ पानावर येईल. रेकॉर्ड संपल्यावर? मी म्हटलं, शांत होईल किंवा त्याच धर्तीचं पुढे वाजवत राहील, तुम्ही म्हणाल तसं.

"शांत नको," कप्तान म्हणाले. "वाजत राहू दे."

"आवाज मात्र काळीइतका नाही," मी शेवटचं सांगून पाहिलं.

"नाही," ते लगेच म्हणाले. "मलाही ऐकू येतंय ते. हीच ठेव."

पेटीवर काहीतरी चमकत होतं. केकमधलं नाणं! बाईंनी तिथे नेऊन ठेवलं होतं. यंत्रावर काही ठेवायचं नसतं, कंप होतो. पण मी ते तिथेच राहू दिलं.

३ मार्च

उपवासाचा पहिला सोमवार. धुकं एकदाचं गेलं आणि सगळं शहर पतंग घेऊन किनाऱ्यावर. बाबांनी पहाटेपासून तिळाच्या चपट्या पावांचे ढीग लावले होते. दोन पाव घेऊन मी कप्तानांकडे गेले. आता मी गिऱ्हाइकाकडे म्हणून जात नाही हे मालकांच्या लक्षात आलंय. "तुझं पहिलं गिऱ्हाईक आहे, पहिलं प्रेम नाही," असं ते म्हणाले.

घरात एक नवी बाई दिसली. नानुली, जॉर्जियाची, ठेंगणी, मोठ्या आवाजाची. आता रोज येते. कप्तान म्हणाले, "मला थोडे दिवस आत जायचंय, हृदयाची एक झडप बदलतात. जहाज कसं सुक्या गोदीत नेतात तसं. मग हिला सोबत पाहिजे."

"किती दिवस?"

"डॉक्टर थोडे म्हणतात."

"मग काळजीच नको," मी म्हटलं. "आजकाल ते अगदी सोपं झालंय."

"ह्या पोरीला सगळं सोपं वाटतं," नानुली कांदा चिरता चिरता म्हणाली. "देव हिचं भलं करो आणि हिला नवरा देवो, म्हणजे कळेल."

बाई हसल्या. मला म्हणाल्या, "कोणाची गं तू, बाळा? बेकरीचा वास येतो तुला."

आम्ही गच्चीत बसून पाव, ऑलिव्ह, हलवा खाल्ला. खाली पोरं ओरडत होती. एक पतंग तुटून गच्चीच्या कठड्याला अडकला, लाल शेपटीचा. बाईंनी तो सोडवून घरात नेला आणि रेकॉर्डच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग लाल रेकॉर्डच्या मधोमध अलगद सरकवून दिला, अगदी त्याच्या जागी.

कप्तान माझ्या शेजारी होते. "समुद्रावर असताना," म्हणाले, "मी तिला बंदरातून फोन करायचो. ती काही विचारायची नाही. रिसीव्हर स्पीकरपाशी धरायची. त्यावरून कळायचं, सगळं ठीक आहे."

१४ मार्च

आज शेवटचा हात फिरवून आले. कप्तान सोमवारी आत जाणार. म्हटलं, माझ्याकडून काहीतरी देऊन ठेवावं, न सांगता.

दुकानात आमची एक रीत आहे. यंत्र गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करायच्या आधी त्यातलं जे जे गाण्याच्या कामाचं नाही ते ते बंद करायचं. दिवे, नको असलेल्या जोडण्या आणि सगळ्यात आधी पडदा. मालक याला 'यंत्राला मौन देणं' म्हणतात. काळीच्या जवळ जाण्याचा चंदेरीला तेवढा एकच मार्ग आहे. कप्तानांनी इतकं मन मारून कमी आवाज पत्करला. मग जेवढं देता येईल तेवढं मी द्यायला नको?

ते आत बॅग भरत होते. मी पडदा झोपवला. मुखपृष्ठांची सोय केलीच आहे. दुकानातली एक टॅबलेट आणून तीच ओळ तिच्यावर मोठी करून मांडली आहे, पडद्यापेक्षा दुप्पट मोठी. होडी आता ताटाएवढी दिसते. बाईंना दाखवली. "सुंदर आहे," म्हणाल्या. पेटीवरचं नाणं मी उचलून कोपऱ्यातल्या वाटीत ठेवलं.

मग मोजून पाहिलं. भुणभुण पार गेली. मी एकटीच त्या खोलीत उभी होते आणि मला वाटलं, एका घराला मी आज खरा आवाज दिला.

जिन्यात कप्तान म्हणाले, "तू चांगली मुलगी आहेस, मिना." मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली.

१९ मार्च

काही विशेष नाही. दुकानात दोघे नवरा-बायको तारेच्या रंगावरून भांडले. कप्तानांचं ऑपरेशन अजून व्हायचंय. रक्तात काहीतरी कमी आहे, ते भरून काढतायत.

२५ मार्च

आत्ताच घरी आले, लगेच लिहिते.

राष्ट्रीय सण असल्यामुळे दुकान बंद. घरी आई खारवलेला मासा तळत होती, बाबा लसूण कुटत होते, रस्त्यावरून शाळांच्या संचलनाचा बँड ऐकू येत होता. फोन वाजला. नानुली.

"तुझी पेटी मेली."

"काय?"

"मेली म्हणते ना! तो माणूस गेला त्या दिवसापासून मेलेली आहे. मला वाटलं, बाईलाच नको असेल. आता बघते तर रोज तिच्यासमोर जाऊन उभी राहते. आज सकाळपासून उभीच आहे. बस म्हटलं तर बसत नाही, खात नाही. आणि तो दवाखान्यातून रोज फोन करतो, म्हणतो रिसीव्हर स्पीकरपाशी धर. काय धरू? काल मी आपली भांडी वाजवत उभी राहिले!"

"टॅबलेट कुठे आहे, नानुली? ताटाएवढी, सपाट?"

"ती? बाईने पुसून कपाटात ठेवली. बशीचं चित्र आहे त्या."

मी निघाले. घरातल्याच कपड्यांत, लसणाचा वास घेऊनच.

बाई पेटीसमोर उभ्या होत्या. पडदा काळा. मला बघून त्यांना आनंद झाला नाही. त्यांनी मला विचारलंही नाही की मी कोणाची. बोटाच्या पेराने त्या काळ्या काचेवर हळूच टकटक केलं, जसं आपण दारावर करतो, ऐकून पाहिलं आणि म्हणाल्या,

"घरात कोणी नाहीये."

मी त्यांच्या मागे उभी होते. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता आणि खांद्यावरून माझा. आणि मला सगळं एकदम दिसलं. कपाटांवरचे कप आणि बश्या. मिठाची कॉफी. रोज नव्याने झालेली आमची ओळख. कप्तानांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं, आणि मी भुणभुण मोजत बसले होते.

पडदा जागा करायला एक क्षण लागला. उजेड जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवला, झोपण्याची सोय कायमची काढून टाकली. वाटीतलं नाणं पेटीवर ठेवलं. पिवळी होडी लागली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. पण हात पुढे येईना.

नेमका तेव्हा फोन वाजला. नानुलीने उचलला. "हो, हो, आहे. बेकरीवाली पोर पण आहे." माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगतोय, गाणं लाव म्हणून. उद्या सकाळी नेतायत त्याला ऑपरेशनला. लाव पटकन."

एक कळ दाबायची होती. माझा हात उठलासुद्धा होता. मी तो मागे घेतला, मागच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"अगं लाव ना!" नानुली ओरडली.

"मी नाही," मी म्हटलं. "थांब."

किती वेळ गेला माहीत नाही. खालून बँडचा आवाज येऊन गेला. नानुलीने फोन छातीशी धरला होता, आणि त्यातून कप्तानांचा श्वास ऐकू येतोय असं मला वाटत होतं. खिडकीत पाणी चमकत होतं, त्यावर एक खरीखुरी होडी होती, पांढरी, अगदी संथ. बाईंनी नाण्यावर बोट फिरवलं. मग कळीवर. होडी सरकली. निळी खिडकी. डाळिंब. थांबल्या. मला वाटलं, संपलं. मग उलट. खिडकी.

होडी.

"आहेस की!" त्या म्हणाल्या, आणि बेल दाबावी तशी दाबली.

त्या बायका गायला लागल्या. नानुली फोन घेऊन स्पीकरपाशी गेली आणि हात लांब करून, तोंड दुसरीकडे वळवून, मेणबत्ती धरावी तशी धरून उभी राहिली. पूर्ण गाणं. मग तिने फोन माझ्या कानाला लावला.

"मिना? तूच आहेस का तिथे?"

"हो."

"खरं सांग. तू लावलंस?"

"नाही, कप्तान. माझे हात माझ्या मांडीखाली आहेत."

मग ते हसले, किंवा खोकले. "आवाज जरा वेगळा वाटतोय," म्हणाले.

"भुणभुण आहे थोडी," मी म्हटलं. "पडद्याची."

"असू दे," कप्तान म्हणाले. "असू दे, पोरी. आता होऊ दे उद्याचं काय व्हायचं ते."

६ एप्रिल

झडप बसली. पण ताप हटत नाही, म्हणून त्यांना अजून तिथेच ठेवलंय. मी ईस्टरचा गोड पाव घेऊन जाणार होते, आत सोडत नाहीत. रोज संध्याकाळी ते फोन करतात. नानुली सांगते की आता ते काही बोलत नाहीत, फक्त ऐकतात. घरी कधी येणार, हेही विचारत नाहीत. आराम पडत असावा.

मालकांना मी पडद्याचं सगळं सांगितलं. त्यांनी कान खाजवला. मग म्हणाले, "मौन द्यायचं तर आधी विचारून दे." पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच विचारलं, "घरात गाणं लावतं कोण?" तो माणूस म्हणाला, "मीच. एकटा राहतो." मालक म्हणाले, "मग काळी घ्या."

संध्याकाळी समुद्राच्या बाजूने चालत आले. पुन्हा थोडं धुकं उतरत होतं. इमारती विरत चालल्या होत्या, खिडक्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. त्यांची मात्र दिसत होती. आतला दिवा बंद होता, आणि तरी काचेवर एक छोटा पिवळा चौकोन. थोड्या वेळाने निळा झाला. मग लाल. मग पुन्हा पिवळा, आणि तसाच राहिला.

आवाज खालपर्यंत येत नव्हता. मी थांबले, पूर्ण ऐकलं, आणि मग घरी आले.